जेनेरिकच्या किमती, सोळा टक्के मार्जिन आणि गावातलं मेडिकल

काउंटरमागे

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहिलं फारसं नाही. सातारा जिल्ह्यात कोरेगाव भागात माझं मेडिकल आहे, २००३ पासून. मी स्वतः डी.फार्म आहे, दुकानात स्वतः उभा असतो, लायसन्स भाड्याचं नाही. जानेवारीत गाळ्याचा भाडेकरार संपतोय आणि मालक वाढवून मागतोय. पुतण्याचं यंदा डी.फार्म झालं, तो विचारतो काका मी दुकानात येऊ का पुण्याला कुठल्या तरी चेनमध्ये लागू. त्याला खरं उत्तर द्यायचं म्हणून आठ दिवस वह्या काढून बसलोय आणि हा धागा त्यातूनच काढलाय.

आधी एक सांगतो, औषधं स्वस्त व्हायलाच पाहिजेत असं मानणारा मी माणूस आहे. समोर म्हातारी येते, चिठ्ठी देते आणि म्हणते दहा दिवसाचंच दे रे बाबा, तेव्हा काय वाटतं ते काउंटरच्या मागे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे इथे कुणी "केमिस्ट लोक लुटतात" एवढंच लिहून जाऊ नका, आणि केमिस्टांनीही "सरकारने मारलं" एवढंच लिहू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अत्यावश्यक औषधांची राष्ट्रीय यादी असते, २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत. त्यांची कमाल किंमत एनपीपीए, म्हणजे केंद्र सरकारचं औषध किंमत प्राधिकरण, ठरवतं, २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे. पद्धत अशी की बाजारात ज्या ज्या कंपन्यांचा त्या औषधात एक टक्का किंवा जास्त वाटा आहे त्यांच्या दुकानदाराला पडणाऱ्या भावाची सरळ सरासरी काढायची आणि वर १६ टक्के दुकानदाराचं मार्जिन लावायचं. झाली कमाल किंमत, वर जीएसटी. १९९५ च्या आदेशात किंमत उत्पादन खर्चावरून ठरायची, आता बाजारभावावरून ठरते. यादीबाहेरच्या औषधाची सुरुवातीची एमआरपी कंपनी आपल्या मनाने ठेवते, वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही एवढंच बंधन. त्यात आम्हाला साधारण २० टक्के सुटतात.

आता बघा, एमआरपी २१ ची स्ट्रीप, ५ टक्के जीएसटी काढला की २० रुपये, मला पडते १७.२४ ला, हातात राहतात २ रुपये ७६ पैसे. ती २.७६ मिळवायला चिठ्ठी वाचायची, डॉक्टरचं अक्षर लावायचं, कंपनी बघायची, एक्सपायरी बघायची, शेड्युल एचवन, म्हणजे चिठ्ठीशिवाय न देता येणाऱ्या औषधांच्या कडक यादीतलं, असेल तर रजिस्टरला पेशंटचं नाव लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं, पेशंटला जेवणाआधी का जेवणानंतर ते दोनदा सांगायचं, त्याच्या सुनेला फोनवर तिसऱ्यांदा सांगायचं. २१० ची स्ट्रीप दिली तरी काम तेवढंच आणि हातात २७ रुपये. म्हणजे धोरणच असं आहे की दुकानदाराला महाग औषध दिलं की जास्त मिळतं आणि स्वस्त दिलं की शिक्षा. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर आहे. किंमत कमी करताना औषध देण्याच्या कामाची मजुरी वेगळी धरलीच नाहीये कुणी, ती टक्क्यात कोंबली.

यादीतल्या औषधांचे भाव दर एप्रिलला घाऊक महागाई निर्देशांकाप्रमाणे बदलतात. २०२३ ला १२.१२१८ टक्के वाढ मिळाली तेव्हा टीव्हीवर केवढा आरडाओरडा झाला. २०२४ ला किती मिळाली? ०.००५५१ टक्के. २०२५ ला १.७४. माझा गाळामालक घाऊक निर्देशांक बघत नाही, त्याची वाढ दरवर्षी ठरलेली. लाइट बिल, पोराचा पगार यांचंही तेच.

माझा महिन्याचा हिशोब लपवत नाही. विक्री ३ लाख २० हजारांच्या आसपास, सगळं मिळून मार्जिन सुटतं साधारण ५१ हजार. त्यातून गिऱ्हाइकांना डिस्काउंट जातो १६ हजार, कारण ॲपवाले वीस-पंचवीस टक्के देतात आणि नेहमीचं गिऱ्हाईक मोबाइल काढून दाखवतं. राहिले ३५. भाडं ९, कामाला पोरगा ९, लाइट आणि इन्व्हर्टर साडेतीन, एक्सपायरी-ब्रेकेज २, सीए आणि सॉफ्टवेअर दीड. घरी जातात १० हजार आणि फार्मसिस्ट मीच असल्यामुळे माझा पगारही त्यातच. उधारीचं तर लिहिलंच नाही.

एवढ्यावर दुकान कसं चालतं असं विचाराल. खरं सांगतो, जेनेरिकवर चालतं. पण तुम्ही समजता त्या, ब्रँडशिवाय मूळ नावाने स्वस्तात मिळणाऱ्या जेनेरिकवर नाही. अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल-डॉमपेरिडोनची दहाची पट्टी मला १३ रुपयाला पडते आणि तिच्यावर छापलंय ९९. ही मी ९९ ला विकू शकतो, कायद्याने काही चूक नाही. मी ४० ला देतो. शेजारचा ८० ला देतो. पेशंटला वाटतं ९९ ची गोळी ४० ला मिळाली, देव माणूस आहे. आणि मला माहीत असतं की २० ला दिली असती तरी मला सात रुपये सुटले असते. ही गोष्ट गेली कित्येक वर्षं मला झोपताना आठवते म्हणून लिहिली.

तर माझ्यापुढे तीन रस्ते आहेत. आहे तसं चालवायचं, पूर्ण जेनेरिक दुकान करायचं किंवा जनऔषधी केंद्र घ्यायचं. अनुभव असलेल्यांनी मोकळेपणाने लिहा.

मीनल_ठाणे

काका, पोस्ट वाचून सुन्न झाले, १३ ची गोळी ९९ ला? आणि हे कायदेशीर आहे?? माझ्या बाबांना बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड अशी चार औषधं महिन्याला चालू आहेत. आमचा मेडिकलवाला १० टक्के सूट देतो म्हणून आम्ही खूश होतो. मग मी त्याला सरळ सांगू शकते का की मला याच औषधातलं स्वस्त दे?

काउंटरमागे

मीनल ताई, सांगू शकता पण त्याने दिलं तर तो नियम मोडतो. औषध नियमावलीतला ६५ (११अ) हा नियम बघा. शेड्युल एच, एचवन, एक्समधलं औषध चिठ्ठीवर असेल तर त्याच्याऐवजी दुसरं काही द्यायचं नाही, आतलं मॉलिक्यूल, म्हणजे मूळ औषध, तेच असलं तरी नाही. म्हणजे डॉक्टरने ब्रँड लिहिला की माझे हात बांधलेले. औषध निरीक्षक तपासणीला आला आणि बिल-चिठ्ठी जुळली नाही तर लायसन्स माझं जातं. सरकार एकीकडे जेनेरिक घ्या म्हणून जाहिरात करतं आणि दुसरीकडे हा नियम तसाच. प्रत्यक्षात गावोगावी बदलून दिलं जातं, पण ते अंधारात, आणि अंधारात दिलं की भाव पण अंधारात ठरतो.

जुना_एमआर

२१ वर्षं एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो, आता शेती करतो. ९९ का छापतात ते मी सांगतो. धंद्यात दोन लाइनी, एथिकल आणि जेनेरिक. एथिकल म्हणजे आम्ही बॅग घेऊन डॉक्टरकडे जाऊन लिहून घेतो ती. त्याचा खर्च कंपनी करते, दुकानदाराला ठरलेले टक्के. जेनेरिक लाइनमध्ये एमआर नाही, डॉक्टरकडे जाणं नाही, तो सगळा वाचलेला खर्च कंपनी एमआरपीमध्ये तसाच ठेवते आणि दुकानदाराला सांगते हे तुझं. म्हणजे लाच डॉक्टरऐवजी काउंटरला, शब्द कडक वाटेल पण मी तोच वापरणार. पेशंटच्या वाट्याला दोन्हीकडे एमआरपीच. तिसरा प्रकार प्रोपगंडा कंपन्यांचा, तिथे एखाद्या डॉक्टरपुरताच माल आणि तो त्याच्या खालच्या मेडिकललाच मिळतो.

आणि गंमत नाही ही, गोळी बऱ्याचदा एकाच कारखान्यातली असते. हिमाचलातल्या बद्दीला किंवा उत्तराखंडात बनते, पट्टीवर बारीक अक्षरात मॅन्युफॅक्चर्ड बाय वाचा. मार्केटिंग करणारे वेगळे.

२०१३ च्या फॉर्म्युल्यातली खोट तीच. सरासरी कुणाच्या भावाची, तर आधीच फुगवलेल्या ब्रँडांची. जिथे सगळेच महाग विकतात तिथे कमाल किंमतही महागच निघते.

गावचा_डॉक्टर

एमआर साहेबांचं बरंचसं मान्य, पण एक बाजू राहतेय. मी एमबीबीएस, गावात प्रॅक्टिस करतो. ब्रँड लिहिण्यामागे दरवेळी पैसे नसतात. मला रिझल्ट माहीत असलेली कंपनी हवी असते. फिट्सच्या पेशंटला फेनिटॉइन, थायरॉइडला थायरॉक्सिन, रक्त पातळ करायला वॉरफरिन, अशा औषधांत डोस थोडा इकडेतिकडे झाला तरी पेशंटला त्रास होतो. तिथे दर महिन्याला कंपनी बदलणं मी चालवून घेणार नाही. काही गटांतल्या नव्या जेनेरिकना बायोइक्विव्हॅलन्सचा, म्हणजे शरीरात मूळ औषधाइतकंच पोचतं का याचा, अभ्यास २०१७ पासून सक्तीचा केला, पण त्याआधीपासून बाजारात असलेल्यांचं काय?

डॉक्टरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या राष्ट्रीय मेडिकल कमिशनने २ ऑगस्ट २०२३ ला नियम काढला की डॉक्टरांनी जेनेरिक नावच लिहायचं, नाहीतर कारवाई. २३ ऑगस्टला तो स्थगित झाला. आम्ही विरोध केला तो याच मुद्द्यावर, की मी मॉलिक्यूल लिहिलं तर कंपनी कोण निवडणार? काउंटरवाला निवडणार, आणि काउंटरवाला ९९ वाली निवडणार कारण त्यात त्याला सुटतं. मग पेशंटचा फायदा काय झाला, फक्त निवडणारा बदलला.

काउंटरमागे

डॉक्टरसाहेब, तुमचा शेवटचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आणि तो ऐकून मला राग येत नाहीये. म्हणूनच मी म्हणतो टक्के काढून टाका. मला चिठ्ठीमागे, आयटममागे ठरलेली मजुरी द्या. मग १३ ची गोळी असो की १३० ची, मला सारखंच सुटेल आणि मी स्वस्त आणि चांगली शोधून देईन.

थायरॉइडचं पण मान्य. मी स्वतः थायरॉक्सिन आणि फिट्सची औषधं कधी बदलून देत नाही, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी चालेल.

शिवारफेरी

म्हणजे आम्ही डिस्काउंटशिवाय पूर्ण एमआरपी द्यायची आणि वर मजुरी पण द्यायची का? मेडिकल टाकलेल्या लोकांच्या माड्या उभ्या राहिलेल्या बघितल्यात आम्ही. आमच्याकडे हॉस्पिटलच्या आत जे मेडिकल असतं तिथे सलाइनच्या सेटपासून सगळं पूर्ण एमआरपीला आणि बाहेरून आणू देत नाहीत.

काउंटरमागे

दादा, राग समजतो. हॉस्पिटलच्या आतलं मेडिकल आणि रस्त्यावरचं मेडिकल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आतल्याला गिऱ्हाईक बांधलेलं असतं, बाहेरच्याला नाही. माड्या बांधणारे आहेत, नाही म्हणत नाही. मजुरी एमआरपीच्या वर नाही, मार्जिनच्या जागी म्हणतोय मी.

दीपस्तंभ_नाशिक

मी बी.फार्म, नाशिकला उपनगरात चार वर्षांपासून जनऔषधी केंद्र चालवते. काकांनी तिसरा रस्ता विचारलाय म्हणून सविस्तर लिहिते.

योजना २००८ ची, पण खरी वाढ गेल्या दहा वर्षांतली. नोव्हेंबर २०२३ मध्ये देवघरच्या एम्समध्ये दहा हजारावं केंद्र उघडलं आणि २०२५ च्या सुरुवातीला आकडा पंधरा हजारांवर गेला. १२० चौरस फूट जागा आणि फार्मसिस्ट लागतो, अर्ज फी ५ हजार, महिलांना माफ, मला लागली नाही. मार्जिन एमआरपीवर २० टक्के, कर वगळून. शिवाय महिन्याच्या खरेदीवर ठरावीक टक्के इन्सेन्टिव्ह, त्याला वरची मर्यादा आहे.

२० टक्के ऐकायला छान, पण ते दहा रुपयाच्या पट्टीवर आहेत, म्हणजे दोन रुपये. दिवसाला शंभर पेशंट आले तर गर्दी मावत नाही आणि गल्ल्यात बघितलं तर बाहेरच्या मेडिकलमधल्या पंधरा पेशंटांएवढं. सुरुवातीची दोन वर्षं इन्सेन्टिव्हवरच तग धरला. समाधान मात्र खूप आहे हो. एक रिक्षावाले काका आहेत, त्यांच्या बायकोची बीपी-शुगरची महिन्याची औषधं बाहेर अकराशेच्या पुढे होती, माझ्याकडे दोनशेच्या आत बसतात. ते आधी औषध एक दिवसाआड द्यायचे, आता रोज देतात.

अडचण सांगते, चिठ्ठीवरच्या पाच औषधांतली तीन मिळतात, दोन नसतात, ऑर्डर टाकली तरी कधी येतील सांगता येत नाही. पेशंट पाचही एका ठिकाणी बघतो, त्यामुळे तीन पण न घेता निघून जातो. आणि तो ६५ (११अ) माझ्याही डोक्यावर आहे, माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक चिठ्ठ्या ब्रँडच्याच असतात. २०२३ पासून गावच्या सोसायट्यांनाही केंद्रं देतायत, तुमच्याकडच्या विकास सोसायटीने घेतलं तर ती तुमच्याच समोर उभी राहील, तो विचार करून ठेवा.

लेस्टरकर

मूळचा सांगलीचा, इंग्लंडमध्ये कम्युनिटी फार्मसिस्ट. इथे काका म्हणतायत तशीच पद्धत आहे म्हणून लिहितोय. डॉक्टर मॉलिक्यूलचं नाव लिहितो, कंपनी आम्ही निवडतो. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, तिच्याकडून आयटममागे ठरलेली फी, बरीच वर्षं ती १ पौंड २७ पेन्स होती, एप्रिल २०२५ पासून १.४६ झाली. औषधाचे पैसे सरकारने छापलेल्या टॅरिफप्रमाणे मिळतात, मी त्यापेक्षा स्वस्तात घेतलं तर फरक माझा. त्यामुळे प्रत्येक दुकान स्वस्त जेनेरिकच्याच मागे असतं.

पण लगेच स्वर्ग समजू नका. सरकारने सगळ्या दुकानांनी मिळून वर्षात किती मार्जिन कमवायचं तो आकडा ठरवलेला असतो, तो ८० कोटी पौंड होता. त्यापेक्षा जास्त सुटतंय असं दिसलं की पुढच्या तिमाहीत टॅरिफ खाली. आणि बाजारात माल शॉर्ट झाला की खरेदी टॅरिफच्या वर जाते, मग मी पाच पौंडाला आणून तीनला देतो. पेशंटला नाही म्हणायचं नसतं. फी वर्षानुवर्षं तिथेच राहिली आणि माझ्या रस्त्यावरची तीनपैकी दोन दुकानं बंद झाली. तेव्हा मजुरी मागाल तेव्हा ती महागाईबरोबर वाढेल हे पण त्याच कागदावर लिहून घ्या.

जुना_एमआर

शॉर्टचं निघालंच आहे तर इकडचंही बघा. कमाल किंमत फार खाली गेली की कंपनी ओरडत नाही, गुपचूप बनवणं बंद करते. ऑक्टोबर २०२४ मध्ये एनपीपीएला स्वतःलाच आठ औषधांच्या किमती ५० टक्क्यांनी वाढवाव्या लागल्या, त्यात साल्ब्युटामॉल, बेन्झिल पेनिसिलिन, लिथियम होतं. दम्याच्या पेशंटला साल्ब्युटामॉलची गोळी मिळत नसेल तर ती स्वस्त असून काय उपयोग.

काउंटरमागे

हो, आणि लिथियमच्या पेशंटच्या घरच्यांची जी धावपळ होते ती मी बघितलीय, सातारा कराड सगळीकडे फोन.

किंमत बदलाचा अजून एक मार लिहायचा राहिला. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक औषधांचा जीएसटी १२ वरून ५ झाला. पेशंटला फायदा झाला, उत्तम. पण माझ्याकडे जो माल होता तो १२ टक्के भरून घेतलेला. मी छोटा, कम्पोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या सोप्या जीएसटी योजनेत आहे, विक्रीवर १ टक्का भरतो आणि मला भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. रेग्युलर वाल्यांचं क्रेडिट निदान लेजरला तरी दिसतं. रात्री बारानंतर तीच पट्टी कमी भावाने द्यायची, द्यायलाच पाहिजे, नियमच आहे की लेबल आणि चालू प्राइस लिस्ट यात जे कमी असेल त्याच्या वर विकायचं नाही. जुन्या मालावर नवीन स्टिकर लावायची सक्ती नव्हती. मग काउंटरवर काय होतं, पट्टीवर एक भाव, बिलावर दुसरा, आणि प्रत्येकाला समजावून सांगायचं. मी, बायको आणि पुतण्या, तिघं दोन रात्री स्टॉक लिहीत बसलो. चार लाखांच्या मालावर जो फरक गेला त्याची क्रेडिट नोट, म्हणजे भरपाई, दोन स्टॉकिस्टांनी (घाऊक विक्रेत्यांनी) दिली, बाकीच्यांनी वरून आली की देतो म्हणून सांगितलं, अजून आलेली नाही. यादीतल्या औषधाची कमाल किंमत उतरते तेव्हाही हेच होतं, फक्त तेव्हा बातमी होत नाही.

आणि इन्सुलिन. दीडशेच्या आसपासची बाटली, मला सुटतात वीस. फ्रिज २ ते ८ डिग्रीत चोवीस तास पाहिजे. मे महिन्यात आमच्याकडे लाइट दुपारची जाते, इन्व्हर्टर चार तास टिकतो. वैशाखात एकदा लाइट रात्रभर आली नाही तेव्हा अठरा बाटल्या घरी आणून माठाशेजारी बर्फाच्या पिशव्यांत ठेवल्या आणि सकाळी थर्मामीटर बघून त्यातल्या सात फेकून दिल्या. मला खात्री नव्हती, म्हणून फेकल्या. त्या कुणी परत घेत नाही. ॲपवाला इन्सुलिन दोन दिवसांनी पोचवतो, आमच्याकडे रात्री साडेदहाला पोरगा दार वाजवतो की आजीचं इन्सुलिन संपलंय. ते साडेदहाचं दार कुठल्या फॉर्म्युल्यात बसतं?

मीनल_ठाणे

काका, तुमचं लिहिणं वाचून काल बाबांच्या डॉक्टरांकडे गेले आणि विचारलं की मॉलिक्यूलचं नाव लिहून द्याल का. आधी थोडे नाराज झाले, मग बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉलची तिन्ही लिहून दिली, थायरॉइडचं म्हणाले कंपनी बदलायची नाही. इथल्या डॉक्टरसाहेबांनी जे सांगितलं तेच. जनऔषधीत दोन मिळाली, एक नव्हतं. ते नेहमीच्या मेडिकलमधून घेतलं आणि पहिल्यांदाच डिस्काउंट मागितला नाही.

गावचा_डॉक्टर

मीनल यांनी केलं ते बरोबर. काउंटरमागे, तुम्हाला एक सुचवतो. तुमच्या गावातल्या एक-दोन डॉक्टरांशी बसून बोला. तुम्ही कोणत्या कंपनीचं जेनेरिक ठेवता, पडतं कितीला आणि विकणार कितीला हे उघड दाखवा. मला असं कुणी येऊन दाखवलं तर मी रोजच्या चालू औषधांची नावं मॉलिक्यूलनेच लिहीन, माझी अट एवढीच की कंपनी सारखी बदलायची नाही.

दीपस्तंभ_नाशिक

आणि काका, केंद्र घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण तुमचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक सगळी औषधं एका जागी मिळतात म्हणून येतं, ते मोडू नका.

काउंटरमागे

ताई, हाच विचार परवापासून डोक्यात आहे. पुतण्याबरोबर बसून ठरवलंय ते लिहितो. गाळा सोडत नाही, मालक ९ चे साडेदहा म्हणत होता, दहावर आलाय. डाव्या बाजूचं पूर्ण रॅक जेनेरिकचं करतोय, सुरुवातीला बीपी, शुगर, अ‍ॅसिडिटी, कोलेस्टेरॉल एवढीच पंचवीस मॉलिक्यूल, ज्यांचे टेस्ट रिपोर्ट मागितल्यावर मिळतात अशा दोनच कंपन्यांची. प्रत्येकाखाली पाटी, छापील किंमत आणि आमची किंमत. ९९ वाली पट्टी २२ ला देणार. तिच्यावर आजवर सुटायचे २७, आता ९, म्हणजे तिप्पट पट्ट्या गेल्या तर बरोबरी. जातील का माहीत नाही. पुतण्या म्हणतो सहा महिने बघू, तोपर्यंत त्याने पुण्याच्या नोकरीला थांबा कळवलंय.

गावातल्या डॉक्टरांना फोन केला होता. बुधवारी ओपीडी संपल्यावर या म्हणालेत, दोन वाजता. खरेदीची बिलं सोबत नेतोय.